जुळवून कुणी घ्यायचं?

"घरात तान्हं बाळ आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

माझं वय तेव्हा त्रेपन्न. मुलगी शिक्षण संपवून दुसऱ्या राज्यात नोकरीला लागलेली. मी नुसती त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी मला उजवा अंगठा मुठीत दुमडायला सांगितला, ती मूठ हळूच करंगळीच्या बाजूला वाकवली आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्यावरून त्यांचं निदान पक्कं झालं. अंगठ्याकडून मनगटाच्या कडेनं जाणाऱ्या कंडरांना सूज. १८९५ साली फ्रिट्झ डी केर्व्हँ या स्विस शल्यविशारदानं या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून ते त्याच्या नावानं ओळखलं जातं. "बाळाला सारखं उचलून घेणाऱ्या आयांना हे फार होतं," त्या म्हणाल्या, "म्हणून विचारलं. तुम्ही रोज काही जड उचलता का?"

"उचलते ना," मी म्हटलं. "साडेतीन किलोचं. पण ते बाळ नाही, बास क्लॅरिनेट आहे."

क्लॅरिनेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लग्नाची वरात येते. लाल कोट, पितळी बटणं, आणि बँडच्या पुढच्या ओळीत गाल फुगवून सिनेमातलं गाणं वाजवणारा क्लॅरिनेटवाला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं आमचं गाव लहान; पण तिथल्या शाळेत पोरांना पाचवी-सहावीपासून बँडमध्ये वाद्य शिकवतात. माझ्या मुलीनं क्लॅरिनेट घेतला, सात वर्षं वाजवला आणि कॉलेजात जाताना कपाटात ठेवून दिला. त्याची काळी पेटी वर्षभर तिथं तशीच पडलेली मला बघवेना. चाळिशी उलटल्यावर मी तो हातात घेतला. पुढं गावातल्या हौशी बँडमध्ये जाऊ लागले. शिक्षक, दुकानदार, निवृत्त मंडळी दर मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या मोठ्या खोलीत जमतात आणि दोन तास वाजवतात. पैसे कुणाला नाहीत, चहासुद्धा आपापला.

एका सप्टेंबरमध्ये बँडचा बास क्लॅरिनेटवाला गाव सोडून गेला. क्लॅरिनेटच्या रांगेत आम्ही अकराजण. संचालकांनी सगळ्यांकडे पाहिलं, सगळ्यांनी बुटांकडे पाहिलं. मी एकटीच वर पाहत होते. वाद्य माझ्या गळ्यात पडलं ते असं.

या वाद्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्या आकारामुळे झालं. क्लॅरिनेट १७०० सालच्या सुमारास जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग गावी योहान क्रिस्टोफ डेनर या वाद्य-कारागिरानं घडवला असं मानतात. नेहमीचा क्लॅरिनेट दोन-सव्वादोन फुटांचा, वजनाला पाऊण किलोच्या आसपास. आता सूर एक सप्तक खाली न्यायचा तर नळी दुप्पट लांब लागते. हा झाला बास क्लॅरिनेट. आणखी एक सप्तक खाली जायचं तर चौपट, म्हणजे जवळजवळ नऊ फूट. तो काँट्राबास. या दोघांच्या मधला, सहा-साडेसहा फूट नळीचा, तो काँट्रा-आल्टो. हवेचा नियम सरळ आहे, त्यात सवलत नाही. पण नळी दुप्पट झाली म्हणून माणसाचा हात काही दुप्पट होत नाही!

या एका अडचणीवर कारागीर शंभर-दीडशे वर्षं डोकं लढवत होते. ड्रेस्डेनच्या हाइनरिश ग्रेन्झरनं १७९३ मध्ये नळी मधोमध दुमडून, बसूनसारखी उभी घडी केली. काहींनी ती सापासारखी वळवून पाहिली. अखेर १८३८ साली बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सनं (पुढं सॅक्सोफोन घडवणारा तोच) नळी सरळ ठेवली, भोकं सुराच्या हिशेबानं जिथं हवीत तिथं पाडली आणि त्यांच्यावर चाव्यांनी उघडमीट होणाऱ्या झाकण्या बसवल्या. बोट भोकापर्यंत पोचत नसेल तर भोकाचं काम बोटापाशी आणायचं. आजचा बास क्लॅरिनेट त्याच वळणाचा आहे. वर तोंडाकडे वळलेली धातूची मान, खाली पुढं वळलेला धातूचा भोंगा, आणि भोंग्याच्या तळाशी जमिनीवर टेकणारी, सरकवून लांब-आखूड करता येणारी दांडी. तिला वादक पेग म्हणतात. वाद्याचा भार या दांडीनं जमिनीवर द्यायचा, वादकानं ते फक्त सावरायचं, अशी योजना.

माझ्या बाबतीत ही योजना फसली. आधीचे गृहस्थ सहा फुटांवर उंच होते. मी चार फूट अकरा इंच. पेग त्यांच्या मापानं बाहेर काढलेला, आणि त्याचा स्क्रू गंजून घट्ट बसलेला. मी दोनदा फिरवून पाहिला, हलला नाही. मग मी काय केलं? जे आपण नेहमी करतो तेच. जुळवून घेतलं.

माउथपीस माझ्या नाकासमोर येत होता. मी हनुवटी वर केली. तेवढ्यानं भागेना, तेव्हा वाद्य तिरकं करून दांडी खुर्चीखाली ढकलली. वाद्य तिरकं झालं की त्याचा भार जमिनीवर राहत नाही, ते पुढं कलंडू पाहतं. त्याला धरून ठेवायला उजवा अंगठा पुढं आला. मनगट वाकलं. पाय जमिनीला पुरत नव्हतेच, म्हणून मी खुर्चीच्या कडेवर चवड्यांवर तोलून बसू लागले. चिरक्या आवाजाचं कारण मी माझ्या नवशिकेपणात शोधलं. खरं कारण साधं होतं. हनुवटी वर गेली की गळा आवळतो. रीड खालच्या ओठावर टेकायची तशी टेकत नाही, मग दात जास्त दाबले जातात. त्यात भार धरलेल्या अंगठ्याच्या हाताची बोटं मोकळी हलत नाहीत. क्लॅरिनेटमध्ये मधल्या सुरांवरून वरच्या सुरांत जाताना एका क्षणात जवळजवळ सगळी बोटं एकदम खाली यावी लागतात. अंगठा खांब झाला असेल तर बाकीच्या चौघांनी नाचायचं कसं?

सात आठवडे मी हे केलं. रात्री हात बधिर होऊन जाग यायची. नवऱ्याला सांगितलं नाही, बँडमध्ये कुणाला सांगितलं नाही. नवीन वाद्य, त्यात बँडमधली मी एकटी भारतीण, उंचीनं सगळ्यांत लहान. "मला हे जमत नाही" म्हणायचं तर कोणत्या तोंडानं? शेवटी एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि मी डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसले. त्यांनी मनगटाला पट्टी बांधली आणि तीन आठवडे वाजवणं बंद केलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमचा नाताळचा कार्यक्रम. त्यात चायकोव्हस्कीच्या १८९२ च्या 'नटक्रॅकर'मधला साखरपरीचा नाच होता. त्यात चेलेस्टा नावाचं घंटांसारखं किणकिणणारं वाद्य परीची चाल वाजवतं आणि बास क्लॅरिनेट एका खाली उतरणाऱ्या लहानशा सुरावटीनं तिला उत्तर देतो. बास क्लॅरिनेट न वाजवणाऱ्यालाही ही जागा ओळखू येते. ती माझी जागा होती. आणि मी पट्टी बांधून स्वयंपाकघरात बसले होते.

त्या दिवसांत पुण्याहून मावशी आली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, काटक. चाळिशीत तिची पाठ धरली तेव्हापासून ती शिवाजीनगरच्या अय्यंगार योग संस्थेत जायची. तिला पाश्चात्य संगीतातलं काही म्हणजे काही कळत नाही. पट्टी सुटायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "काय एवढं करतेस तू त्या नळीशी? दाखव बघू." फुंकायची बंदी होती, बसायची नव्हती. मी बसून दाखवलं.

"अगं, मान अशी का केलीयेस? न्हाव्यासमोर बसल्यासारखी?"

"वाद्यच तेवढं उंच आहे, मावशी."

"मग ते खाली घे."

"येत नाही. स्क्रू अडकलाय."

"कधीपासून?"

"सुरुवातीपासूनच."

मावशी थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे लोखंडाचा स्क्रू हलला नाही, म्हणून तू हललीस."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. कारण तिनं म्हटलं ते फक्त या वाद्याबद्दल खरं नव्हतं. लहानपणापासून आम्हांला "जुळवून घे" हा एकच मंत्र मिळाला. सासरी जुळवून घे, कचेरीत जुळवून घे, परदेशात तर घेच घे. कचेरीतल्या खुर्चीवर माझे पाय वीस वर्षं लोंबकळत होते. खुर्ची खाली घेण्याचा खटका तिलाही होता, पण तो दाबावा असं कधी मनात आलं नाही. वाईट गोष्ट ही की जुळवून घेण्यात आपण इतके तरबेज होतो की दुखतंय हेसुद्धा उशिरा कळतं. शरीर मात्र हिशेब ठेवत असतं.

दुसऱ्या दिवशी मावशीनं वर्ग घेतला. आधी वाद्य बाजूला. "नुसती बस." रेलून बसायची ती मागं उतरती खुर्ची तिनं नापास केली आणि जेवणाच्या टेबलाजवळची सपाट, टणक खुर्ची आणली. तिच्या मागच्या कडेला गोधडीची घडी ठेवली, म्हणजे कंबर मागं ढळणार नाही. दोन्ही तळवे जमिनीवर. बसायची हाडं खुर्चीला लागलीत का ते तिनं विचारलं. मान लांब, खांदे सैल. मग म्हणाली, "आता डोळे मीट आणि श्वास घे. तुझं तोंड जिथं आहे तिथंच राहू दे. आता ती नळी तिथं येऊ दे."

ती नळी तिथं यायला आमच्या बँडमधले ट्यूबावाले गृहस्थ आले. आयुष्यभर नळजोडणी केलेला माणूस. गंजावर थोडं तेल, पाच मिनिटं थांबणं आणि पक्कड; स्क्रू सुटला. "हे आधी का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी डोळे मिटून बसले आणि मावशीनं दांडी एकेक बोट आत सरकवत नेली. एका जागी माउथपीस आपसूक ओठांशी आला. हनुवटी हलली नाही, पाठ हलली नाही. मी "थांब!" म्हणून ओरडले. तिथं पेगवर मी लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. ती अजून आहे.

पुढचे बारकावे मी हळूहळू शिकले. दांडी खुर्चीखाली न ढकलता दोन पावलांच्या मध्ये, किंचित पुढं टेकली की वाद्य स्वतःच्या पायावर उभं राहतं. ते पुढं कलंडू नये म्हणून गळ्यातला पट्टा त्याच्या पाठीमागच्या कडीत अडकवायचा, पेग असतानासुद्धा. त्यानं अंगठा खांबाच्या नोकरीतून सुटतो. गुळगुळीत फरशीवर दांडी घसरते, म्हणून रबराचा तुकडा खाली घालायचा. खरी परीक्षा एकच. पट्टा लावून, माउथपीस तोंडात ठेवून, उजवा हात क्षणभर पूर्ण सोडून पाहायचा. वाद्य जागचं हललं नाही तर बैठक बरोबर. आणि डाव्या हाताची तर्जनी जिथं असते त्या झाकणीला मधोमध एक बारीक भोक असतं. अगदी वरचे सूर काढताना बोट तेवढंच बाजूला सरकवून ते उघडावं लागतं. वाद्य तिरकं असताना मला ते कधी साधलं नव्हतं. बैठक सुधारल्यावर तिसऱ्या दिवशी साधलं. सराव मात्र पहिल्या आठवड्यात दिवसाला दहा मिनिटांपलीकडे केला नाही; डॉक्टरीणबाईंची ताकीदच तशी होती.

वादकाचं शरीर हा विषय मी त्यानंतर वाचू लागले. त्यात मला ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात १८६९ साली जन्मलेला एफ. मथायस अलेक्झांडर भेटला. हा नट; रंगमंचावर बोलताना त्याचा आवाज बसायचा. वैद्यांना कारण सापडेना, तेव्हा त्यानं आरसे लावून स्वतःला न्याहाळलं. बोलायला सुरुवात करताना आपण डोकं मागं टाकतो आणि मान आखडतो हे त्याला दिसलं. सवयीमुळे ते चूक वाटतच नव्हतं! त्यातून निघालेली त्याची पद्धत आज जगभर अनेक संगीत विद्यालयांत शिकवतात. आणि मावशीच्या गुरुजींची गोष्ट तर आपल्याच गावची. १९५२ साली यहुदी मेन्युहिन हा थोर व्हायोलिनवादक मुंबईत आला असताना बी. के. एस. अय्यंगारांना भेटला, त्यांचा शिष्य झाला, आणि दोन वर्षांनी त्यांना घड्याळ भेट दिलं तेव्हा त्यावर त्यांचा उल्लेख आपले सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षक असा कोरून घेतला. ज्यांनी व्हायोलिन शिकवलंच नाही त्यांचा! याच अय्यंगारांनी विटा, पट्टे, लोड, खुर्च्या योगवर्गात आणल्या. ज्याचा हात जमिनीला पोचत नाही त्यानं ओढाताण करायची नाही. जमीन विटेएवढी वर आणायची. पतंजलींनीही आसनाकडून दोनच गोष्टी मागितल्या आहेत, स्थैर्य आणि सुख. आपण पहिलीच तेवढी लक्षात ठेवली.

खरं म्हणजे आपल्या संगीताला हे नवं नाही. आपण गाण्याच्या मैफलीलाच बैठक म्हणतो. व्हायोलिन युरोपातून आलं ते हनुवटीखाली धरून वाजवायचं वाद्य म्हणून. आपल्याकडच्या वादकांनी मांडी घातली, त्याचं टोक पायावर टेकवलं आणि दोन्ही हात मोकळे केले. पायांनी भाता चालवायची पायपेटी संगीत नाटकांनी वापरली खरी, पण बैठकीत ती जमेना. तेव्हा कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास हातानं भाता मारायची पेटी केली आणि हार्मोनियम जमिनीवर येऊन बसला. परक्या वाद्याला आपल्या बैठकीत आणताना आपण कधी संकोच केला नाही. मग माझ्यासारखीनं एका स्क्रूपुढं हात टेकावेत?

डिसेंबरचा कार्यक्रम झाला. चेलेस्टा आमच्याकडे कुठला? विजेच्या पियानोवर तो आवाज काढला होता. परीची चाल सुरू झाली, माझी जागा आली. माउथपीस जिथं असायला हवा तिथं होता. सूर पायरी पायरीनं उतरले, तळाशी जाऊन थांबले. दोन सेकंदांचं काम. अंगठा दुखला नाही हे मला टाळ्या वाजत असताना लक्षात आलं. मावशी पहिल्या रांगेत होती. नंतर म्हणाली, "एवढंसंच होतं?"

गेल्या वर्षी बँडला कुणीतरी जुना काँट्रा-आल्टो दिला. या मोठ्या वाद्यांतल्या काहींची नळी कारागिरांनी क्लिपसारखी दुमडून आटोपशीर केलेली असते. पॅरिसच्या लब्लाँ कंपनीसाठी शार्ल हूव्हनागेलनं तशी केलेली धातूची वाद्यं 'पेपर-क्लिप' याच नावानं ओळखली जातात. आमच्याकडचा मात्र सरळ, उभा, ताडमाड. पेग पूर्ण आत घातला तरी माउथपीस माझ्या कपाळाशी. या वेळी मी मान वर केली नाही. वाद्य खाली येत नाही ना, मग मी वर जायचं. पण मान ताणून नव्हे, सगळीच्या सगळी. खुर्चीवर घट्ट घडीचं जाड घोंगडं घातलं. खुर्ची उंच झाली तसे पाय पुन्हा अधांतरी. पायांखाली काय घ्यावं? घरी आल्यावर देवघराजवळ भिंतीला टेकवलेला पाट दिसला.

आणि एकदम आई आठवली. आमच्या पुण्याच्या घरातला ओटा गवंड्यानं त्याच्या मापानं बांधलेला. आई माझ्याहून बुटकी. ती रोज पाटावर उभी राहून पोळ्या लाटायची. आम्ही भावंडं हसायचो, "आई, तू स्टेजवर चढलीस!" म्हणायचो. "जुळवून घे" हे आम्हांला सांगणारीही तीच. पण ओट्यापुढं मात्र तिनं खांदे वर करून, हात अवघडून कधी लाटलं नाही. पाट ओढला आणि उभी राहिली. त्या बाबतीत तरी तिनं कुणाला विचारलं नाही.

बँडमध्ये आम्ही दर मंगळवारी पहिली पाच मिनिटं सूर जुळवतो. कुणी जरा चढा असतो, कुणी उतरलेला. एकमेकांचं ऐकून प्रत्येकजण थोडा सरकतो. ते जुळवून घेणं मला मनापासून मान्य आहे, त्याशिवाय संगीत होणार नाही. पण त्याच्याही आधी माझी स्वतःची दोन मिनिटं असतात. घोंगडं अंथरायचं, पाट ठेवायचा, बसायचं, डोळे मिटायचे. शेजारचा तरुण पोरगा सुरुवातीला कुतूहलानं बघायचा. उंचीनं साडेसहा फूट, आपल्या क्लॅरिनेटवर वाकून पार कमान झालेला. परवा त्यानं विचारलं, "त्या फळीचा उपयोग काय?"

मी म्हटलं, "आधी तू सरळ बस. मग सांगते."